आधी गोडं पाणी

आगरदांड्याच्या जेटीजवळ दुचाकी दुरुस्त करणाऱ्याला इंजिनापेक्षा चाकांबद्दलच जास्त विचारलं जातं. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आलेली गाडी इथे येऊन थांबते. पुढे रस्ता संपतो, खाडी लागते, पलीकडे दिघी दिसतं. फेरीबोट यायला वेळ असतो. माणूस खाली उतरतो, आळस देतो आणि मग त्याचं लक्ष चाकांकडे जातं. मागच्या रिमवर चेनच्या तेलाचे काळे ओघळ, स्पोकच्या मुळाशी तांबूस चिखल, ब्रेकच्या बाजूला करडी भुकटी. काशीदच्या किनाऱ्यावर लाटेत गाडी घालून फोटो काढलेला असेल तर या सगळ्यावर वाळूचा थर. मग प्रश्न येतो, "दादा, यावर मारायला काहीतरी जालीम द्या ना."

जालीम मी देत नाही. इतकी वर्षं चाकं धुऊन माझं मत असं झालं आहे की मळ काढायला जी सगळ्यात सौम्य वस्तू पुरते तीच योग्य, आणि तिच्यापेक्षा एक पायरीही वर चढू नये. हे मत पहिल्यापासून नव्हतं. ते बनायला बरीच चाकं आणि दोन-चार भीतीचे प्रसंग खर्ची पडले.

काम शिकलो मुंबईत, एका अरुंद गल्लीतल्या गॅरेजात. तिथे सगळं पेट्रोलने धुतलं जाई. पत्र्याचा ट्रे, त्यात दोन बोटं पेट्रोल, आणि त्यात कार्बुरेटर, चेन, हबची झाकणं, नटबोल्ट, जे हाती येईल ते. वस्ताद म्हणायचे, पेट्रोलसारखं काही नाही, क्षणात मळ सुटतो आणि क्षणात वाळतं. दोन्ही खरंच होतं. पण क्षणात वाळतं म्हणजे त्याची वाफ होऊन ते खोलीत पसरतं, हा त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग कुणी बोलत नसे. शेजारी फॅब्रिकेशनचं दुकान होतं. एका दुपारी तिथली वेल्डिंगची ठिणगी आमच्या उंबऱ्याशी पडली. ट्रे तिथून चांगला लांब होता, पण जाळ जमिनीलगत पळत आला आणि ट्रे पेटला. वाळूची बादली जवळ होती म्हणून फक्त एक पडदा आणि एक सीट जळाली.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर न जाता फरशीवरून सरपटते. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतसुद्धा पेट्रोलवर पेट घेण्याइतकी वाफ असते. घासलेटला त्यासाठी साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंत तापावं लागतं. म्हणजे घासलेट निर्धोक असं नाही. मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्याखाली तेही त्या आकड्याच्या जवळ जातं, आणि गरम सायलेन्सरवर सांडलं तर काय होईल ते सांगायला नको. पण दोघांत फरक मोठा आहे. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, थोडंच असतं, पण ते रक्ताच्या कॅन्सरशी जोडलेलं रसायन आहे आणि कातडीतूनही आत जातं. वस्तादांच्या बोटांना हिवाळा नसतानाही भेगा असत. त्या आगीनंतर दुसऱ्याच दिवशी ट्रेमध्ये घासलेट आलं. तेव्हा रेशनचं निळं घासलेट सर्रास मिळे. ते गॅरेजात कुठून येतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

गावी येऊन दुकान टाकलं तेव्हा मला वाटलं, घासलेट आहे म्हणजे चाकांचा प्रश्न मिटला. मुंबईत मिटला होता. तिथला मळ म्हणजे तेल आणि धूळ. इथल्या मळात तिसरी वस्तू असते, ती डोळ्यांना दिसत नाही.

मासळीची पेटी मागे बांधून गावोगाव फिरणारे एक चाचा माझे जुने गिऱ्हाईक. गाडीवर जीव. रोज संध्याकाळी घासलेटचा बोळा घेऊन दोन्ही चाकं पुसायचे, रिम आरशासारखी ठेवायचे. तरी वर्षभरात मागच्या रिमचं क्रोम फुगलं, स्पोकच्या निपल जाम झाल्या, आणि एक दिवस चाकाचा आउट काढायला गेलो तर पाना लावताच स्पोक तुटला. चाचा म्हणाले, "रोज साफ करतो, तरी असं कसं?" त्यांच्या शेजारी एकजण होता, त्याची गाडी कायम चिखलाने माखलेली, आठवड्यातून एकदा विहिरीवर बादलीभर पाणी ओतायचा, बस. त्याच्या रिमा शाबूत.

उत्तर शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं. मीठ घासलेटमध्ये विरघळत नाही. पेट्रोलमध्ये, डिझेलमध्ये, थिनरमध्येही नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पेटीतून ठिबकणाऱ्या बर्फाच्या पाण्यातही ते उतरतं, आणि खारा वारा तर चोवीस तास ते शिंपडतच असतो. घासलेटच्या बोळ्याने वरचा तेलकट मळ जातो, मीठ मात्र तिथेच राहतं, उलट स्पोकच्या मुळाशी आणखी नीट चोपडलं जातं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून ओल ओढतं. आमच्याकडे ती बहुतेक रात्री तेवढी असतेच. वर घासलेटची पातळ साय आणि खाली ओलं मीठ. चाचा रोज गंजाची सोय करून झोपत होते.

तेव्हापासून माझ्याकडे चाकाला पहिलं लागतं ते गोडं पाणी. दाबाचा पंप नाही, साधा पाइप किंवा तांब्या. दाबाने मारलेलं पाणी हबच्या सीलमधून आत घुसतं आणि बेअरिंगचं ग्रीस खलास करतं. चाकही गार झालेलं हवं. घाट उतरून आलेल्या डिस्कवर गार पाणी ओतणं म्हणजे तिला वाकडी होण्याचं आमंत्रण. सावलीत लावा, चहा घ्या, मग पाणी.

पाण्यातही एक गोम आहे. एप्रिल-मेमध्ये खाडीकाठच्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ होतं. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे पातळ मीठच लावणं. मी नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, काळ्या आरशावर पाण्याचा एक थेंब ठेवून वाळू द्या. जाड पांढरा डाग राहिला तर त्या पाण्याने मळ काढा, पण शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा ओता आणि लगेच फडक्याने टिपून घ्या. पावसाळ्यात तर पागोळ्यांचं पाणी फुकट आहे.

निसर्ग चक्रीवादळानंतर हे फार ठळकपणे दिसलं. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पत्रे गेले, सुपारी-नारळ आडवे झाले, वीज तर कित्येक दिवस नव्हती. वॉशिंगचा पंप बंद, दुकानात माल नाही. त्या दिवसांत आलेल्या गाड्यांत एक उलटंच चित्र होतं. अंगणात उघड्यावर पडलेल्या, नंतरच्या पावसात भिजलेल्या गाड्यांची चाकं बरी होती. पडवीत, ताडपत्रीखाली जपून ठेवलेल्या गाड्यांच्या रिमांवर मात्र पांढरट बुरशीसारखा थर आणि खाली गंज. वाऱ्याने मीठ दोन्हीकडे नेलं होतं, पाऊस एकीकडेच पोचला होता. किनाऱ्यावर गाडी झाकून ठेवायची तर आधी धुवायची, हे मी त्यानंतर प्रत्येकाला ऐकवतो. लोक हसतात. पावसाळ्यात गाडी धू म्हणणारा मेकॅनिक त्यांना विक्षिप्त वाटतो.

मीठ गेल्यावर उरतं ते तेल, आणि इथे घासलेटची पाळी येते. तीही साबणानंतर. गाडीचा शॅम्पू असेल तर उत्तम, नसेल तर भांड्यांचा द्रव साबण पाण्यात थोडासा. कपड्यांची पावडर नको, सोडा नको. अॅल्युमिनियमवर त्याचं स्वतःचं एक पातळ कवच असतं, आणि ते तीव्र आम्लातही टिकत नाही, तीव्र क्षारातही टिकत नाही. मऊ ब्रशने साबण फिरवला की निम्म्याहून अधिक काळं निघून जातं. मग राहतात ते चेनच्या तेलाचे चिवट ओघळ आणि डांबराचे ठिपके.

चिवट मळ कसा सुटतो हे मला घासलेटने नाही, फणसाने शिकवलं. कोकणात फणस कापायला बसताना विळीला आणि हाताला आधी खोबरेल लावतात. चीक पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, तेलाने जातो. तेलकट वस्तूला तेलकट वस्तूच सोडवते. रस्त्याचं काम चालू असताना आलेल्या एका मुलाच्या नव्या मॅगव्हीलवर डांबर उडालं होतं, आणि तो थिनरची बाटली घेऊनच आला होता. मी त्याला खोबरेल दिलं. ठिपक्यांवर लावून पंधरा मिनिटं ठेवलं आणि फडक्याने पुसलं, डांबर तपकिरी होऊन फडक्यावर आलं. वेळ लागतो, हे कबूल. पण रिमचा रंग जागेवर राहतो. मग साबणपाणी फिरवून खोबरेलही काढायचं.

थिनरने काय होतं तेही पाहिलं आहे. एकाने घरी काळ्या मॅगव्हीलवर थिनर फिरवला. मळ गेला, मळाबरोबर वरचा पारदर्शक थरही गेला, काही ठिकाणी रंग. उघड्या पडलेल्या अॅल्युमिनियमला पहिल्याच पावसाळ्यात पांढरे फोड आले आणि ते उरलेल्या रंगाखाली किड्यासारखे आत सरकत गेले. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असतं. बंद जागेत पाच मिनिटं काम केलं की डोकं जड होतं ते त्यामुळे. हे रंगाऱ्याचं सामान आहे, चाकाचं नव्हे.

अॅसिडवाले वेगळेच. संडास धुण्याचं अॅसिड रिमला लावून "कशी पांढरी झाली बघा" असं सांगत येणारा माणूस दर दिवाळीच्या आधी एक तरी येतो. दिवाळीला ती पांढरीच असते. शिमग्याला क्रोमवर टाचणीएवढी भोकं दिसायला लागतात. त्या अॅसिडची वाफही वाईट. एका ओळखीच्या दुकानात अॅसिडची उघडी बाटली कोपऱ्यात ठेवलेली असे, आणि आठवड्याभरात भिंतीवरचे पाने तांबूस झाले होते. आणखी एक गोष्ट, जी चाकापेक्षा महत्त्वाची आहे. आमच्या गावांत विहिरीत टाकायची टीसीएल पावडर घरोघरी असते. अॅसिड पडलेल्या जागी ती कधी शिंपडू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

आता घासलेट. रेशनचं निळं आता दिसत नाही. पर्याय म्हणून लोक डिझेल आणतात. ते जड असतं, त्याची साय जाड राहते आणि त्यावर धूळ बसते. पेंटच्या दुकानात टर्पेंटाइन म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा खनिज टर्पेंटाइन असतं, घासलेटचंच जवळचं भावंड. ते चालतं. कुठलंही घ्या, चाकाला चहाच्या कपाएवढंही लागत नाही. ओतायचं नाही, फवारायचं नाही. फडकं ओलं करून फक्त डागावर लावायचं, मिनिटभर थांबायचं, पुसायचं, आणि पुन्हा साबणपाणी, कारण घासलेट स्वतःही एक मळच आहे. टायरवर ते राहू द्यायचं नाही, रबर फुगतं. मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये रबरी ओ-रिंग असतात, त्यांना घासलेट सोसतं, पेट्रोल आणि थिनर सोसत नाहीत. खरं तर मागच्या रिमवरचे काळे ओघळ हा चेनचा अपराध असतो. तेल जास्त पाजलं की ते फिरताना रिमवर उडतं. चेनला तेल घालून फडक्याने जादा पुसून घेणाऱ्याची चाकं महिना महिना स्वच्छ राहतात.

पावसाळ्याआधी सगळ्या गाडीवर डिझेल किंवा जळकं काळं ऑईल फवारून घेण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. गंज थोपतो, नाही असं नाही. पण ते ऑईल फिरत्या चाकावरून ब्रेकच्या लायनरपर्यंत पोचतं. स्पोकच्या मुळांना ताज्या ऑईलचं बोट फिरवणं मला मान्य आहे. फवारा मी मारून देत नाही, आणि त्यापायी गिऱ्हाइकं गेलीत.

त्यामागे एक प्रसंग आहे. शनिवारची गर्दी, फेरीबोट लागलेली, दुचाक्या एकामागे एक रॅम्पवरून खाली उतरत होत्या. एका तरुणाची पुढची डिस्क चुरचुरत होती म्हणून त्याने वाटेत गंज सोडवायचा स्प्रे तिच्यावर मारला होता. आवाज गेला. रॅम्प उताराचा, लोखंडी, ओला. त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. मागचा दाबला तशी ती आडवी झाली आणि घसरत समोरच्या जीपच्या बंपरला टेकली. मागे बसलेल्या मुलीचा गुडघा सोलवटला, बाकी निभावलं. डिस्क काढून बघितली तर पॅड तेल प्यायले होते. पॅड एकदा तेल प्यायला की तो धुऊन परत येत नाही, फेकायचाच. डिस्क प्लेट मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, ते मागे काही ठेवत नाही. करोनानंतर घरोघरी सॅनिटायझर पडून होतं, ते काहींनी डिस्कवर वापरलं. त्यात हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं. ब्रेकला मऊपणा नको असतो.

ड्रम ब्रेक उघडल्यावर आतली भुकटी फुंकून किंवा हवेने उडवणारेही पुष्कळ. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, आणि तुमच्या लायनरमध्ये काय आहे ते भुकटीवर लिहिलेलं नसतं. मी ओल्या फडक्याने टिपतो.

वापरलेलं घासलेट मी झाकणाच्या डब्यात ठेवतो. दोन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा वापरता येतं. गाळ जळक्या ऑईलच्या पिंपात जातो आणि ते ऑईल घेणारा येऊन नेतो. पूर्वी सगळ्यांचंच गटारात जाई आणि गटार खाडीत. राजपुरीच्या खाडीत जाळं टाकणाऱ्या एका मावशींनी एकदा दुकानासमोर टोपली आपटली होती. म्हणाल्या, "आमच्या मावऱ्याला तुमच्या दुकानाचा वास येतो, गिऱ्हाईक परत देतं." वास माझ्याच दुकानाचा होता की नाही कोण जाणे, डबे मात्र त्या आठवड्यात आले. खर्च काहीच झाला नाही, उलट घासलेट कमी लागायला लागलं.

हातमोजे मी उशिरा घालायला लागलो. नायट्राइलचे पातळ मोजे मिळतात, त्यांत नट हाताला लागतो. नवीन पोरं घालत नाहीत, त्यांना ते बायकी वाटतं. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मोज्याशिवाय ट्रेला हात लावायचा नाही, एवढंच सांगतो.

आता शेवटचं, आणि हे चाक धुणाऱ्या प्रत्येक घरासाठी आहे. उरलेलं घासलेट किंवा टर्पेंटाइन आपण सर्रास पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरतो आणि पडवीत मोरीजवळ ठेवतो. आमच्या पंचक्रोशीतल्या एका घरात अशी बाटली तीन वर्षांच्या पोराने तोंडाला लावली. आजी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या तयारीत होती. शेजारच्या नर्सबाईंनी तिला थांबवलं आणि पोराला तसंच मुरूडला नेलं, म्हणून तो वाचला. घासलेट पोटात जेवढं घातक नाही तेवढं फुप्फुसात आहे, आणि उलटी करताना ते नेमकं तिकडे जातं. तेव्हा ही द्रव्यं घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा, वर ठळक लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. पिण्याची बाटली त्यांच्यासाठी कधीही वापरू नका. आणि कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी न करवता थेट दवाखाना गाठा, बाटली सोबत घेऊन.